तळं राखतं कोण, पाणी चाखतं कोण?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले, की नाथसागरावरून, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावरून, आपल्याकडे भांडणं पुष्कळ, नोंदी मात्र नाहीत. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही कौतुकाची, दोन शिव्यांची, बाकी प्रश्नांची. त्यांतली सहा इथे घेते.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी पैठणच्या बाजूची, धरणग्रस्त. बत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आमचं जुनं गाव १९७५ साली बुडालं आणि नवं गाव माळावर बसलं. त्यामुळे या पाण्याकडे माहेर म्हणून बघायचं की सवत म्हणून, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. उत्तरांत ते कुठेकुठे डोकावेल.

प्रश्न : बाई, मी भोई आहे. गंगापूर तालुक्यात फुगवट्याच्या काठाला आमची पंचवीस-तीस घरं हायेत. पत्र पोरगी लिहून देतीय. दरसाली कुणीतरी येतेत, फारम भरून घेतेत, बाटल्यांत पाणी भरतेत, होडीत बसून फोटो काढतेत आन् जातेत. पुन्हा कुणी फिरकत न्हाई. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतेत. राखतो आम्ही, चाखतं कोण? ह्या अभ्यासाचा आमाला काय फायदा?

दादा, आजवर काही फायदा झालेला नाही, हे आधी कबूल करते. फारम भरून घेणाऱ्यांत मीही होते.

१९९१ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी बी.एस्सी.ची पोरं घेऊन काठावर जायची. तुमच्यासारख्याच एका भोईमामांची होडी ठरलेली असायची. पाणी किती गार, किती नितळ, त्यात प्राणवायू किती विरघळलाय, बारीक जाळीत कोणते जीव सापडले, हे सगळं टिपून घ्यायचं. सतरा वर्षांत जाड पुठ्ठ्याच्या अकरा वह्या भरल्या. २००८ च्या उन्हाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्यात होते आणि इकडे प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलली. परत येऊन बघते तर कपाट रिकामं. "जुनी रद्दी होती ना मॅडम, काढून टाकली." सतरा वर्षं किलोच्या भावात गेली. मी रडले नाही, पण त्या दिवसापासून रद्दीवाल्याची हाळी ऐकली की पोटात गोळा येतो.

हे गाऱ्हाणं मी पुष्कळ वर्षं सांगत फिरले. मग एकदा लक्षात आलं, की चूक रद्दी काढणाऱ्याइतकीच माझीही होती. भोईमामांनी एकदा विचारलं होतं, "बाई, एवढं लिहिता, त्यात आमच्या मरळीचं काय लिहिलंय?" मी हसले होते. ते हसणं मला महागात पडलं. वर्षातून एकदा जरी गावात बसून ती वही वाचून दाखवली असती, तर एक प्रत त्यांच्या घरात, देव्हाऱ्यामागे का होईना, राहिली असती. ज्याला वहीत काय आहे ते ठाऊक असतं, तो ती रद्दीत घालू देत नाही.

सायबेरियात बैकल नावाचं सरोवर आहे. खोली १,६४२ मीटर. पृथ्वीच्या पाठीवर जेवढं न गोठलेलं गोडं पाणी उघड्यावर आहे, त्याचा पाचवा हिस्सा या एकट्यात. १९४५ साली मिखाईल कोझोव्ह नावाच्या प्राध्यापकांनी तिथे ठरलेल्या जागी जाऊन दर आठ-दहा दिवसांनी पाणी तपासायला सुरुवात केली. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून, पण खाडा नाही. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी ओल्गा कोझोव्हा यांनी ते चालवलं आणि त्यांच्यानंतर नात ल्युबोव्ह इझ्मेस्तयेवा यांनी. मधल्या काळात सोव्हिएत संघ मोडला, पगार थकले, तरी वही चालू. आपल्याकडे एखाद्या घरात पंढरीची वारी चालते ना, आजोबांची, मग बापाची, मग लेकाची, तसंच हे. २००८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबरोबर बसून त्यांनी या नोंदी जगापुढे मांडल्या. एवढं अजस्र, एवढं थंड सरोवरसुद्धा साठ वर्षांत वरच्या थरात सव्वा अंशाच्या आसपास तापलं होतं. कुणी वाद घालू शकलं नाही, कारण दर आठवड्याचा आकडा समोर होता.

तुम्ही म्हणाल, तिकडं प्राध्यापकाच्या घरात वही होती, आमच्याकडं कुठली? आहे, दादा. तुम्ही व्यापाऱ्याला मासळी तोलून देता तेव्हा तोलाची वही असते का नाही? कटला किती, रोहू किती, चिलापी किती, भाव काय? ती दहा वर्षांची निघाली, तर माझ्या अकरा वह्यांच्या तोडीची आहे. मरळ कधी घटली, चिलापी कधी माजली, कोणत्या महिन्यात जाळं रिकामं आलं, हे त्यात आपोआप लिहिलं गेलंय. तुम्ही उधारीसाठी लिहिलंत, पण तळ्याचा हिशोबही त्यातच आहे.

आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवर तीन देशांत मिळून आहे: केनिया, युगांडा, टांझानिया. मासे तर सरहद्द मानत नाहीत. म्हणून १९९४ साली तिघांनी मिळून मासेमारीसाठी एक सामाईक संस्था काढली, आणि त्याखाली होड्या लागतात त्या प्रत्येक काठावर समित्या नेमल्या. समितीत होडीमालक, होडीवरचे गडी, जाळी विणणारे आणि मासळी विकणाऱ्या बायकाही. कोणत्या होडीनं किती धरलं याची नोंद काठावरच होते. सगळ्याच समित्या सरळ चालतात असं नाही. काही ठिकाणी समितीच बारीक भोकाच्या जाळ्यांवर पांघरूण घालते. माणसं इथून तिथून सारखीच. पण नोंद धरणाऱ्याच्या हातात असली पाहिजे, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे अजून तेवढंही नाही.

तर यापुढे कुणी फारम घेऊन आलं की तीन गोष्टी सांगा. वही हातात देणार नाही, फोटो काढून घ्या. आमच्या वहीतून आकडे घेतले, तर कागदावर आमच्या संस्थेचं नाव घाला. आणि निकाल लागला की इथंच येऊन, मराठीत, चहा पिता पिता वाचून दाखवा. कबूल नसेल तर होडी रिकामी नाही म्हणायचं. आणखी एक. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि तिची एक लोक-नोंदवही असते. बऱ्याच गावांत ती कुणीतरी एका बैठकीत भरून कपाटात ठेवलेली असते. ती मागा. तुमच्या माशांची नावं, तुमच्या बोलीतली, त्यात चढवा. तेवढ्यानं तोलाच्या वहीला सरकारी शिक्क्याचं घर मिळतं.

आणि तुमच्या पोरीचं अक्षर सुरेख आहे. वही तिच्याकडे द्या.

प्रश्न : मी जालन्याला एम.एस्सी. करतो. नाथसागर हे सरोवर नाही, मातीचं धरण आहे. त्याची तुलना अमेरिकेच्या पंचसरोवरांशी करणं शास्त्रीय आहे का? आणि केलीच तर त्यातून शिकायचं काय?

तुमचा आक्षेप रास्त आहे. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पाया घातला, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, दहा किलोमीटरची भिंत, सत्तावीस दरवाजे. हे धरणच. आकाराचं म्हणाल, तर आपलं बुडित क्षेत्र साधारण ३५० चौरस किलोमीटर आणि पंचसरोवरांतल्या एकट्या सुपिरियरचं ८२ हजारांच्या वर. त्यात आपले दोनशेहून जास्त नाथसागर बसतील.

पण एक भागाकार करून बघा. एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्याला क्षेत्रफळानं भागा. सरासरी खोली येते आठ मीटरच्या थोडी वर. पंचसरोवरांतलं सगळ्यात उथळ म्हणजे ईरी, त्याची सरासरी १९ मीटर. आजवर सगळ्यात जास्त दुखणी त्या ईरीनंच काढली आहेत. उथळ पाणी लवकर तापतं, वाऱ्यानं तळापर्यंत ढवळतं, गाळात दबलेलं सगळं वर येतं. आपण तर त्याच्या निम्म्यावर. शिवाय ७३८ दलघमी, म्हणजे सव्वीस टीएमसी, हा मृतसाठा. दुष्काळात आपण त्यातलंच उपसून पितो. तळाशी उरलेलं ते पाणी कसं असतं, हे २०१६ साली ज्यांनी प्यायलं त्यांना विचारा. त्या वर्षी आमच्या जुन्या वाड्याचं जोतं उघडं पडलं होतं. मी जाऊन बसले होते त्यावर तासभर.

धरण की सरोवर, हा वाद कायद्यात मात्र फार महाग पडतो. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. पण २०१७ चे पाणथळ जागांचे नियम उघडून बघा: सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेले जलाशय त्यातून वगळलेत. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात, त्यांना कुणी ही वगळणी वाचून दाखवत नाही, हे एक बरं आहे.

शिकायचं काय, म्हणता. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९०९ साली सरहद्दीवरच्या पाण्याचा तह केला आणि एक संयुक्त आयोग नेमला. सहा सदस्य, तीन इकडचे, तीन तिकडचे. सुरुवातीला त्यांचंही भांडण पातळीचं आणि वाटणीचंच होतं. एप्रिल १९७२ मध्ये त्यांनी दुसरा करार केला, तो पाणी किती याचा नव्हता, पाणी कसं याचा होता. आपलं नाशिक-नगर-मराठवाड्याचं भांडण १९०९ च्या टप्प्यावर अडकलंय. २०१४ च्या आदेशानं नियम बसला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. बरं झालं, मीही त्यासाठी मोर्चात गेले होते. पण दर ऑक्टोबरला आपण टक्का मोजतो आणि घरी जातो. वरून आलेलं ते पाणी कसं आहे, हे दोन्हीकडच्या माणसांनी एकाच नावेत बसून, एकाच बाटलीत भरून तपासलंय, असं चित्र मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा घ्या. सोबतीला जोडीदार नाशिकचा शोधा, जालन्याचा नको.

प्रश्न : आमी गाळपेरा करतो. पाणी उतरलं की धरणाच्या पोटात हरभरा, ज्वारी, टरबूज. शहरातले लोक म्हणतेत तुमच्या खतामुळं पाणी हिरवं झालं. वरून आख्ख्या शहरांची घाण येते ती कुणाला दिसत न्हाई. खरं काय?

माझे दोन चुलतभाऊ गाळपेरा करतात. त्यामुळे माझं उत्तर पक्षपाती वाटेल, तरी देते.

पाणी हिरवं का होतं, यावर एकेकाळी शास्त्रज्ञांतच भांडण होतं. कुणी म्हणे नत्रानं, कुणी म्हणे कर्बानं, कुणी स्फुरदानं, म्हणजे फॉस्फरसनं. साबणाच्या कंपन्यांना अर्थातच स्फुरद नको होतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९६८ साली सरकारनं जंगलातली छप्पन्न-अठ्ठावन्न लहान तळी अभ्यासासाठी राखून ठेवली. नळीत, बरणीत प्रयोग नाहीत, आख्खं तळंच प्रयोगशाळा. त्यांतल्या २२६ नंबरच्या तळ्याला मधोमध बारीक कंबर होती. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या कमरेवर जाड पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला नत्र आणि कर्ब टाकलं. दुसऱ्या बाजूला तेच, वर स्फुरद. काही आठवड्यांत स्फुरदाची बाजू वाटाण्याच्या आमटीसारखी हिरवी आणि अलीकडची बाजू जशीच्या तशी. विमानातून फोटो काढला आणि वाद मिटला. पुढे कपडे धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट कमी करायला त्या एका फोटोनं जेवढं काम केलं, तेवढं शंभर निबंधांनी केलं नसतं. (२०१२ साली तिथल्याच सरकारनं खर्च वाचवण्यासाठी ही तळी बंद करायला काढली होती. शास्त्रज्ञ आणि साधी माणसं रस्त्यावर आली, २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेनं ती चालवायला घेतली. रद्दी काढायची हौस सगळीकडेच असते.)

आता तुमच्याकडे येऊ. खत म्हटलं की सगळे युरियाचं नाव घेतात, पण माझा डोळा अठरा-शेहेचाळीसवर, म्हणजे डीएपीवर आहे. त्या पोत्यातलं शेहेचाळीस म्हणजे स्फुरद. ते मातीला धरून बसतं, पाण्याबरोबर सहज वाहत नाही, पण माती वाहिली की मातीवर बसून जातं. आणि तुमचं शेत तर धरणाच्या पोटातच. पुढच्या श्रावणात ती माती पाण्याखालीच जाणार. म्हणजे खताचं काही देणं तुमच्याकडे लागतंच, नाही म्हणता येणार नाही. वरच्या शहरांचं सांडपाणी, ते बारमाही. त्यातही स्फुरद, माणसाच्या मलमूत्रातलं आणि साबणातलं.

वाटा कुणाचा किती, हे भाषणानं ठरत नाही. एकाच दिवशी बाटल्या भराव्या लागतात: वैजापूर तालुक्यात नागमठाणला गंगा, म्हणजे आपली गोदावरी, येते तिथे, कायगाव टोक्याला प्रवरा मिळते तिथे, आणि तुमच्या शेताच्या पाणकाठाला. वर्षातून निदान बारा वेळा, त्यातही पहिला मोठा लोंढा येतो त्या दिवशी चुकवायचं नाही, कारण वर्षाचा बराचसा माल त्या दोन-चार दिवसांत येतो. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. तीन तालुक्यांतली तीन कॉलेजं, तीन गावं, एकच पद्धत. पद्धत एक नसेल तर तिघांचे आकडे एका ओळीत मांडताच येत नाहीत, मग पुन्हा भाषणं.

ईरीच्या काठावर टोलेडो शहर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे पाण्यावर असं शेवाळ माजलं की त्याचं विष नळात उतरलं. चार-पाच लाख माणसांना दोन-अडीच दिवस नळाचं पाणी तोंडाला लावता आलं नाही. उकळूनही उपयोग नव्हता, उलट उकळल्यानं विष घट्ट होतं. तिथेही बोट शेतकऱ्यांकडे गेलं, कारण मॉमी नदी शेतांतून येते आणि स्फुरद तीच आणते. पण नदीवर मोजणी आधीपासून चालू होती, म्हणून बोलणं शिव्यांवर थांबलं नाही; खत कधी टाकायचं, कसं टाकायचं, यावर आलं.

तुमच्यापुरतं सांगते. गाळ मुळातच कसदार असतो, माती तपासल्याशिवाय अठरा-शेहेचाळीस टाकू नका. निम्म्या वेळा पैसे पाण्यातच जातात, शब्दशः. टाकायचंच तर फेकून नको, पाभरीनं बियाखाली. आणि पाणकाठापासून चार-सहा तास, म्हणजे नांगराच्या ओळी, मोकळे सोडा, गवत वाढू द्या. भावांना मी हे गेली पाच वर्षं सांगते आहे. धाकटा ऐकतो.

प्रश्न : जलपर्णी खाणारे किडे आणून सोडले तर एका वर्षात तळं साफ होईल का?

एका वर्षात नाही. व्हिक्टोरिया सरोवरात नव्वदच्या दशकात जलपर्णीनं बंदरं बुजवली, होड्या अडकल्या. तेव्हा युगांडा, केनियानं भुंग्यांच्या दोन जाती वाढवून सोडल्या, त्यांत काठावरच्या मासेमारांनीही हात लावला. काही वर्षांनी पुष्कळ फरक पडला. पण घाण पाणी येत राहिलं, तशी जलपर्णी मधूनमधून परत आली. ती रोग नाही, ताप आहे. आणि बाहेरचा जीव सोडताना शंभरदा विचार करा: त्याच सरोवरात मासळी वाढावी म्हणून पन्नासच्या दशकात नाईल पर्च सोडला, त्यानं तिथल्या छोट्या माशांच्या कितीतरी जाती संपवल्या.

प्रश्न : मी संभाजीनगरची गृहिणी. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ड्रम, टाक्या, बादल्या, घरात चालायला जागा नाही. तुम्ही तळं राखा म्हणता. आधी पाणी तर येऊ द्या!

ताई, तुमचा राग पटतो, आणि जलवाहिनीच्या रखडलेल्या कामाबद्दल मी काही बोलू लागले तर संपादक कात्री लावतील.

पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. तुम्ही नाथसागराचं पाणी पिता, ते पन्नासेक किलोमीटरवरून उपसून येतं. तुमची मोरी ज्या नाल्याला मिळते, तो बहुधा खाम नदीला जातो. आणि खाम कुठे जाते? गंगेला, नाथसागराच्या फुगवट्यात. धुणं धुतलेलं पाणी खाली जातं आणि आठवड्यानं नळानं वर येतं. मध्ये शुद्धीकरण आहे म्हणून आपण जिवंत आहोत.

जपानमध्ये बिवा नावाचं सरोवर आहे, नाथसागराच्या जवळपास दुप्पट. क्योटो, ओसाकासकट कोटभराहून जास्त माणसं त्याचं पाणी पितात. १९७७ च्या उन्हाळ्यात त्यावर लाल तवंग आला, वास सुटला. तिथल्या बायकांनी शास्त्रज्ञांची वाट पाहिली नाही. फॉस्फेटची पावडर टाकून त्या साध्या साबणाच्या भुकटीकडे वळल्या. सभा घेतल्या, दारोदार फिरल्या, वापरलेलं तेल गोळा करून साबण केला. दोन वर्षांत, १९७९ मध्ये, शिगा प्रांताला फॉस्फेटवाल्या पावडरीवर बंदीचा नियम करावा लागला, आणि तोही कंपन्यांच्या विरोधाला न जुमानता. त्याच शिगामध्ये १९८४ साली २७ ऑगस्टला जगातली पहिली सरोवर परिषद भरली. आता संयुक्त राष्ट्रांनी २७ ऑगस्ट हा जागतिक सरोवर दिन ठरवलाय, तो त्यावरूनच.

तेव्हा पाण्यासाठी मोर्चा काढाल तेव्हा मी येते. त्यात एक फलक खामचाही धरू या.

प्रश्न : पैठण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. सातवी-आठवीची मुलं. शाळेत प्रयोगशाळा नाही. या वयाची मुलं तळ्याचं काय मोजू शकतील, की उगीच सहल होईल?

गुरुजी, सहल झाली तरी बिघडत नाही. पण मोजता येतं, आणि ते जगात मान्यही होतं.

१८६५ साली आंजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूनं पांढरी तबकडी दोरीला बांधून समुद्रात सोडली आणि ती किती खोलवर दिसते ते मोजलं. मूळचा खगोलशास्त्रज्ञ, आयुष्यभर वर बघणारा माणूस, एकदा खाली बघितलं आणि कामाची गोष्ट करून गेला. आजही जगभर हेच वापरतात. अमेरिकेतल्या टाहो सरोवरात १९६८ पासून नियमित मोजतात. तेव्हा तबकडी ३१ मीटरपर्यंत दिसायची, आता पुष्कळ वर्षं विसाच्या अलीकडेपलीकडे घोटाळतेय. या एका आकड्यावर तिथल्या काठावरची बांधकामं, रस्ते, सांडपाणी, सगळ्यांची झाडाझडती झाली.

साहित्य स्वयंपाकघरातलं. वीस सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या, वीतभर, म्हणजे अगदी न्याहारीची. तिचे चार समान भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा. ऑइलपेंट, नाहीतर महिन्यात निघतो. मधोमध भोक पाडून सुती नव्हे, नायलॉनची दोरी ओवा. सुती दोरी भिजली की आखडते आणि माप खोटं होतं. खाली जड नट-बोल्ट बांधा. दोरीवर दर दहा सेंटिमीटरला नेलपॉलिशची खूण करा. मुलींना ते काम फार आवडतं आणि खूण दोन वर्षं टिकते.

सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, उन्हाकडे पाठ करून, आपल्याच सावलीत तबकडी सोडा. दिसेनाशी झाली की खूण वाचा. थोडी आणखी सोडा, मग वर ओढा, दिसायला लागली की पुन्हा वाचा. दोन्हींची सरासरी तो तुमचा आकडा. दोन मुलांनी वेगवेगळं वाचावं, एकमेकांना न सांगता. फरक आला तर दोन्ही लिहावेत. चुकलेला आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहायचा. श्रावणात गढूळ लोंढा आला की वीतभरावरच दिसेनाशी होते आणि दिवाळीनंतर पुरुषभर खालीही चमकते, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण माझ्या वह्या नाहीत, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा.

होडीत मुलांना नेऊ नका. उपशाच्या विहिरीकडे जाणारा पूल किंवा घाटाची शेवटची पक्की पायरी बघा, आणि जागा एकदा ठरली की बदलू नका. पाणी मागे गेलं तर तेही लिहा. महिन्यातून दोनदा पुरे. गावात जलजीवन मिशनच्या संचावर पाणी तपासायला शिकलेल्या पाच बायका असतील. बऱ्याच ठिकाणी संच खोक्यातच आहे. त्यांना त्या दिवशी बोलवा. त्यांचं मोजमाप आणि मुलांचं एका पानावर येईल.

वह्या दोन ठेवा. एक शाळेत, एक काठावरच्या कुणा भोयाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरी. तुमची बदली होणारच आहे. आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून गटावर टाका, पण कागदाची वही सोडू नका. मोबाइल हरवतात.

पहिली नोंद झाली की मला पोस्टकार्डावर पाठवा. तारखेबरोबर वेळ लिहायला विसरू नका. मी पहिली दोन वर्षं विसरले होते.